रोमच्या वेशीबाहेरचा पूल: पोन्ते मिल्व्हिओ कसा पाहायचा

रोमला येणाऱ्या आपल्या मंडळींच्या कार्यक्रमात कोलोसियम असतं, व्हॅटिकन असतं, त्रेवीचं कारंजं असतं. पोन्ते मिल्व्हिओ नसतो. जुन्या तटबंदीच्या उत्तरेला साधारण 3 किलोमीटरवर, टायबर नदीवर उभा असलेला हा पूल इ.स.पू. 109 मध्ये दगडात बांधला गेला आणि आजही त्यावरून माणसं चालत पलीकडे जातात. जुन्या पुलांची तपासणी हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि रोममधल्या सगळ्या पुलांत माझा जीव याच्यात जास्त आहे. पाहुण्यांना मी तो ज्या क्रमानं दाखवते, तोच क्रम इथं सांगते. अर्धा दिवस हाताशी ठेवा.

निघण्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. या पुलावर जे जे घडलं ते त्याच्या जागेमुळे घडलं. उत्तरेकडून येणारे व्हिया फ्लामिनिया आणि व्हिया कास्सिआ हे दोन मोठे रस्ते पुलाच्या उत्तर टोकाशी एकमेकांना मिळतात आणि एकच पूल ओलांडून रोमकडे जातात. उत्तरेतून सैन्य येवो, विजयाची बातमी येवो, नाहीतर शहरातून कोणी गुपचूप पळून जावो, वाट इथूनच. एवढं ध्यानात राहिलं की सनावळ्या पाठ करायची गरज उरत नाही. प्रत्येक प्रसंगात फक्त विचारायचं, कोण कुठून येत होतं आणि कोणाला त्याला अडवायचं होतं?

सुरुवात पुलापासून करू नका. सुरुवात पियाझ्झा देल पोपोलोच्या उत्तरेकडच्या वेशीपासून करा. तिच्या दोन्ही बाजूंची तटबंदी ऑरेलियन बादशहानं इ.स. 271 च्या सुमारास बांधायला घेतली. वेशीतून बाहेर पडलात की समोर व्हिया फ्लामिनिया सुरू होते. गायस फ्लामिनियसनं इ.स.पू. 220 मध्ये ती एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या आरिमिनमपर्यंत, म्हणजे आजच्या रिमिनीपर्यंत नेली. पुलापर्यंतचा हा टप्पा आजही जवळजवळ सरळ रेषेत जातो. शक्य असेल तर चालत जा. वेस आणि पूल यांच्यामधलं अंतर पायांना कळलं की पुढच्या सगळ्या गोष्टी समजायला सोप्या जातात. गुडघे कुरकुरत असतील तर याच रस्त्यानं 2 नंबरची ट्राम जाते. ती पियाझ्झा मान्चिनीला सोडते आणि तिथून पूल अगदी जवळ आहे. वाटेत उजव्या हाताला सांत आंद्रेआचं छोटंसं देऊळवजा चर्च लागेल. विन्योला या वास्तुकारानं सोळाव्या शतकाच्या मध्यात त्यावर लंबगोल घुमट घातला. दोन मिनिटं थांबण्याजोगी जागा आहे, पण तिथं रेंगाळू नका.

पूल दिसला की लगेच वर चढायचा मोह होतो. आधी काठानं बाजूला जा आणि पुलाचं अंग पाहा. वरून पुलाचा रस्ता दिसतो, इतिहास बाजूनं दिसतो.

पहिल्यांदा गाळे मोजा. मधले चार मोठे गाळे मूळच्या रोमन बांधणीचे आहेत, प्रत्येकाची रुंदी सुमारे 18 मीटर. कमानी अर्धवर्तुळाकार आहेत. अर्धवर्तुळ म्हटलं की गाळा जितका रुंद, तितकी त्याच्या निम्म्यानं कमान उंच. त्यामुळे गाळा वाढवायला गेलं की पूल आकाशात जातो. रोमन कारागिरांनी म्हणून बेताचे गाळे घेतले आणि नदीत जाडजूड खांब उतरवले. पण जाड खांब पाणी अडवतात. पूर आला की खांबामागे पाणी तुंबतं आणि पूल ढकलायला लागतं. त्यावरचा त्यांचा उपाय पाहायचा असेल तर दोन कमानींच्या मध्ये, खांबांच्या डोक्यावर नजर न्या. तिथं लहान कमानीदार झरोके ठेवलेले दिसतील. पाणी तिथवर चढलं की ते या झरोक्यांतून पलीकडे निघून जातं, भिंतीवरचा दाब उतरतो आणि एरवी बांधकामाचं वजनही कमी राहतं. शहरातल्या तिबेरिना बेटावरचा फाब्रिशियसचा पूल इ.स.पू. 62 चा, त्याच्या मधल्या खांबावर हाच झरोका आहे. दोन्ही पूल एकाच सहलीत पाहिलेत तर हा उपाय त्या काळी किती रुळलेला होता ते कळेल.

आता दगड. इथं घाई करू नका, कारण पुलाचं वय दगडावरूनच ओळखता येतं. तीन जाती शोधा. पिवळसर-तपकिरी, भोकाभोकांचा, मऊ वाटणारा तो टफ. ज्वालामुखीच्या राखेचा दगड, रोमच्या आसपास मुबलक आणि कापायला सोपा. करडा, बारीक खड्यांचा तो पेपेरिनोच्या जातीचा. पांढरट, आडव्या रेघांचा आणि लहान पोकळ्यांचा तो तिवोलीकडचा ट्रॅव्हर्टाइन, तिघांत सगळ्यात टिकाऊ. जुन्या कारागिरांनी हे तिन्ही हिशेबानं वापरले: आतल्या भरावाला मऊ दगड आणि जिथं पाऊस, पाणी, घासणं आहे तिथं कठीण. ट्रॅव्हर्टाइन महाग होता, म्हणून तो नेमक्या जागी. आज आपण अंदाजपत्रक करताना जे डोकं चालवतो, तेच त्यांनी एकवीसशे वर्षांपूर्वी चालवलं होतं आणि मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथं.

दगडानंतर सांधे बघा. मोठे घडीव चिरे, एकमेकांना घट्ट भिडलेले, मध्ये चुना जवळजवळ दिसतच नाही, असा भाग दिसला तर तो जुना असण्याची शक्यता जास्त. चिरे लहान झाले, चिऱ्यांमधले चुन्याचे सांधे जाड झाले, मध्येच विटा आल्या, की समजा नंतरचा हात फिरलाय. माझी आई आली होती तेव्हा काठावर उभी राहून तिनं विचारलं, "मग यातला खरा पूल कुठला?" मी म्हटलं, सगळाच. दुरुस्ती झाली नसती तर बघायला काहीच उरलं नसतं. तिनं मग बराच वेळ विटांच्या ठिगळांकडेच पाहिलं, आणि मला ते फार आवडलं, कारण बहुतेक लोक ठिगळांकडे पाठ फिरवून जुना चिरा तेवढा शोधतात.

आता वर चढा, शहराच्या बाजूनं. मध्यावर जाऊन उत्तरेकडे तोंड करा आणि प्रसंग एकेक करून घ्या.

पहिला इ.स.पू. 207 चा. रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीच्या दक्षिणेत ठाण मांडून होता आणि त्याचा भाऊ हॅस्ड्रुबल आल्प्स ओलांडून त्याला कुमक घेऊन येत होता. मेटॉरस नदीकाठी रोमन सैन्यानं हॅस्ड्रुबलला गाठून मारलं. विजयाची पक्की बातमी घेऊन दूत येताहेत असं कळल्यावर रोमचे लोक घराबाहेर पडले आणि गर्दीची रांग थेट मिल्व्हियन पुलापर्यंत पोचली, असं रोमन इतिहासकार लिव्हीनं लिहिलंय. पुलाचा हा सगळ्यात जुना उल्लेख. म्हणजे दगडी पुलाच्या आधी, शंभर वर्षांपूर्वीही इथं पूल होता. तुम्ही नुकतेच जे 3 किलोमीटर चालून आलात, त्या अंतरावर माणसं उभी आहेत अशी कल्पना करून बघा. त्या काळातली भीती किती होती आणि सुटका किती मोठी वाटली, याचा अंदाज त्या रांगेच्या लांबीवरून येतो.

दगडी पूल बांधला तो सेन्सॉर, म्हणजे जनगणना आणि सार्वजनिक बांधकामं पाहणारा अधिकारी, मार्कस एमिलियस स्कॉरस यानं. त्याचा सहकारी त्याच वर्षी पदावर असताना वारला. रिवाजाप्रमाणे अशा वेळी दुसऱ्यानंही पद सोडायचं असे. यानं सोडलं नाही. शेवटी ट्रिब्यूनांनी, म्हणजे सामान्य लोकांच्या निवडलेल्या प्रतिनिधींनी, तुरुंगात टाकायची तंबी दिली तेव्हा तो पायउतार झाला. माणूस हट्टी होता, पण पूल त्याच्या नावावर आहे.

दुसरा प्रसंग इ.स.पू. 63 चा आणि तो नीट समजून घ्यायचा तर पुलावर उभं राहूनच. कॅटिलाइन या रोमन सरदारानं सत्ता उलथवायचा कट केला होता. तो स्वतः शहराबाहेर होता, पण त्याचे साथीदार रोममध्येच होते. अल्लोब्रोगेस नावाच्या गॉल जमातीचे वकील, म्हणजे दूत, कर्जाच्या आणि रोमन अधिकाऱ्यांच्या पिळवणुकीच्या तक्रारी घेऊन शहरात आले होते. कटवाल्यांनी त्यांना फितवायचा प्रयत्न केला. वकिलांनी ती गोष्ट आतल्या आत त्या वर्षीच्या कॉन्सलपर्यंत, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक असलेल्या सिसेरोपर्यंत, पोचवली. सिसेरोनं सांगितलं, हो म्हणा आणि लेखी मागा. कटवाल्यांनी खरोखरच मोहोरबंद पत्रं दिली. 2 डिसेंबरच्या रात्री वकील ती पत्रं घेऊन उत्तरेकडे निघाले, सोबत कटातला व्होल्टुर्सियस. दोन प्रेटरांनी, म्हणजे कॉन्सलच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांनी, आपली माणसं दोन तुकड्यांत वाटून पुलाच्या दोन्ही अंगांच्या घरांमध्ये दडवून ठेवली होती, अशी की त्यांच्यामध्ये नदी आणि पूल यावा. मंडळी पुलावर आली आणि दोन्हीकडून कोंडी झाली. व्होल्टुर्सियसनं तलवार उपसली, पण थोड्याच वेळात शरण आला. दुसऱ्या दिवशी सिसेरोनं पत्रं सिनेटपुढे ठेवली आणि लोकांसमोर सगळी हकिगत सांगितली. ते भाषण आज उपलब्ध आहे. आता दोन्ही टोकांकडे पाहा. माणसांना इजा न करता, कागदासकट पकडायचं असेल तर एवढी चांगली जागा दुसरी नाही. बाजूला पळता येत नाही.

निरोचा किस्सा थोडक्यात. तो तरुणपणी रात्री इथं मौजमजेला येत असे. त्या काळी हा परिसर त्यासाठीच प्रसिद्ध होता असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. इ.स. 58 मध्ये निरोच्या परतीच्या वाटेवर दबा धरल्याचा बनाव रचून कॉर्नेलियस सुल्ला या सरदाराला मार्सेलला हद्दपार केलं गेलं. आजही संध्याकाळनंतर पुलाच्या उत्तरेचा चौक तरुण मुलामुलींनी गजबजलेला असतो. दगड निवांत पाहायचे असतील तर म्हणून सकाळीच या.

आणि मग 28 ऑक्टोबर 312. या पुलाचं नाव जगभर झालं ते या दिवसामुळे. कॉन्स्टंटाइन उत्तरेकडून फ्लामिनिया रस्त्यानं रोमवर चालून येत होता. शहर त्याचा प्रतिस्पर्धी बादशहा मॅक्सेन्शियस याच्या ताब्यात होतं. त्यानं हा दगडी पूल तोडून शत्रूची वाट बंद केली. इथवर सगळं शहाणपणाचं. पण ऐनवेळी तो तटबंदीतून बाहेर आला, होड्यांवर तरता पूल टाकून नदी ओलांडली आणि टायबर पाठीशी घेऊन लढायला उभा राहिला. फळी मोडली, सैन्य मागं रेटलं गेलं, तरता पूल कोसळला आणि मॅक्सेन्शियस नदीत बुडाला. त्याचं प्रेत शोधून काढून शिर भाल्यावर शहरातून मिरवलं गेलं.

आईचा इथं दुसरा प्रश्न होता आणि तो अगदी मुद्द्याचा होता: "एवढी भक्कम भिंत असताना बाहेर कशाला यायचं?" खरंच. याच भिंतीआड राहून त्यानं आधी सेव्हेरस आणि गॅलेरियस या दोन चालून आलेल्या बादशहांना परत पाठवलं होतं. जुने लेखक सांगतात की शहरातले लोक कुरबुरू लागले होते आणि भविष्याच्या सिबिलाइन ग्रंथांतून उत्तर आलं होतं की त्या दिवशी रोमच्या शत्रूचा नाश होईल. शिवाय तो दिवस त्याच्या गादीवर बसण्याच्या वाढदिवसाचा होता. 28 ऑक्टोबर 306 लाच त्याला बादशहा म्हणून पुकारलं गेलं होतं. माझं मत विचाराल तर मला शहरातली नाराजी जास्त पटते. लोक विटले की भिंत कितीही जाड असली तरी आतून पोकळ होते.

याच लढाईबद्दल क्रॉस दिसल्याची कथा तुम्ही ऐकली असेल. ती कशी तपासायची ते सांगते, कारण इतिहासाच्या कोणत्याही कथेला हीच पद्धत लागू पडते: कोणी लिहिलं आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं ते क्रमानं लावायचं. लॅक्टँशियस या ख्रिस्ती लेखकानं लढाईनंतर काही वर्षांतच लिहिलं. त्याच्याकडे आहे ते स्वप्न: ढालींवर एक चिन्ह काढ, असा आदेश. युसेबियस या बिशपनं आधी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात दृष्टांताचा उल्लेखच नाही. कॉन्स्टंटाइन 337 मध्ये वारल्यावर त्याच युसेबियसनं बादशहाचं चरित्र लिहिलं, त्यात मात्र भर दिवसा आकाशात सूर्यावर प्रकाशाचा क्रॉस आणि 'याच्या जोरावर जिंक' हे शब्द येतात. आता कोलोसियमशेजारच्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी जा. 315 मध्ये उभारलेल्या या कमानीवर नदीत बुडणारे सैनिक कोरलेत, म्हणजे हीच लढाई. क्रॉस कुठेही नाही. कमानीवर कोरलेल्या मजकुरात श्रेय दिलंय ते 'दैवी प्रेरणे'ला, कोणत्या देवाची ते न सांगता. कॉन्स्टंटाइनची श्रद्धा खोटी होती असं यातून ठरत नाही. 313 मध्ये ख्रिस्ती लोकांना मोकळीक मिळाली हे तर खरंच आहे. पण कथा पिढीगणिक कशी भरत गेली हे मात्र स्पष्ट दिसतं, आणि ते दिसणं मला कथेपेक्षा मोलाचं वाटतं.

दोन जागा याला जोडून पाहाच. व्हॅटिकनच्या संग्रहालयात राफाएलच्या दालनांपैकी कॉन्स्टंटाइनच्या दालनात ही लढाई भिंतभर रंगवली आहे. राफाएल गेल्यावर ते काम ज्युलिओ रोमानोनं तडीला नेलं. गर्दी तिथून धावत पुढं जाते, तुम्ही उजव्या कोपऱ्यातल्या नदीपाशी थांबा. दुसरी जागा पालाझ्झो मास्सिमो. पॅलाटाइन टेकडीपाशी या शतकाच्या सुरुवातीला पुरून ठेवलेले राजदंड आणि भाले सापडले. ते मॅक्सेन्शियसचे असावेत आणि पराभवानंतर त्याच्याच माणसांनी लपवले असावेत असं पुरातत्त्वज्ञ मानतात. राजदंडाचा काचेचा गोळा हातात मावेल एवढा आहे. मी त्याच्यासमोर उभी राहते तेव्हा तो लपवणाऱ्या माणसाचाच विचार येतो. कोणीतरी मागं राहिलं होतं, आणि मालक परत येईल अशी त्याला आशा असणार.

पुन्हा पुलावर. मध्ययुग मी पाहुण्यांना फार सांगत नाही. पंधराव्या शतकात पोपांनी डागडुजी करून घेतली. 1462 मध्ये दुसऱ्या पायस पोपनं संत अँड्र्यूचं शिर इथंच समारंभानं स्वीकारलं, त्याची आठवण म्हणून रस्त्याकाठी छत्रीखाली पुतळा आहे. पुलावर नेपोमुकच्या संत जॉनचाही पुतळा आहे. प्रागमध्ये 1393 मध्ये त्याला पुलावरून नदीत फेकून मारलं, म्हणून तो पुलांचा रक्षक मानला जातो.

उत्तर टोकाचा बुरूज मात्र नीट पाहा. 1805 मध्ये वास्तुकार ज्युसेप्पे व्हालादिएरनं जुन्या बुरुजाला विजयकमानीचं रूप दिलं आणि टोकांना जिथं उचलते लाकडी पूल होते तिथं पक्क्या कमानी घातल्या. ज्या पियाझ्झा देल पोपोलोमधून तुम्ही निघालात, तिची आजची रचनाही त्याचीच. टोकांना लाकडी पूल का होते? मघाचाच प्रश्न विचारा: कोण येत होतं, कोणाला अडवायचं होतं. 1849 मध्येही तेच झालं. मॅझिनीच्या रोमन प्रजासत्ताकावर फ्रेंच सैन्य चालून आलं तेव्हा गॅरिबाल्डीच्या बाजूच्या लोकांनी पुलाचा भाग सुरुंगानं उडवला. मॅक्सेन्शियसनं जे केलं तेच, साडेपंधराशे वर्षांनी. प्रजासत्ताक जुलैत पडलं आणि पुढच्याच वर्षी नवव्या पायस पोपनं पूल जोडून घेतला. शाळेत मॅझिनी-गॅरिबाल्डी वाचलेल्या आपल्या लोकांना ही जागा दाखवली की चेहरे खुलतात, असा माझा अनुभव आहे.

कठड्याला किंवा दिव्याच्या खांबाला कुलूप लावायचा विचार असेल तर कृपा करून लावू नका. 2006 मधल्या एका लोकप्रिय इटालियन कादंबरीनंतर प्रेमिकांनी इथं हजारो कुलपं अडकवली, एक दिव्याचा खांब त्या वजनानं वाकला, आणि 2012 मध्ये पालिकेनं ती सगळी काढून नेली. जुन्या दगडाला गंजाचं पाणी फार त्रास देतं. एकदा डाग आत मुरला की तो काढताना दगडही झिजतो.

टायबरला मोठं पाणी आल्याची बातमी असेल तर काठाखाली उतरू नका. शहरातल्या उंच पूरभिंती 1870 च्या डिसेंबरातल्या महापुरानंतर बांधल्या गेल्या. हा पूल त्यांच्या वरच्या अंगाला आहे आणि पाणी इथं आधी पसरतं. डिसेंबर 2008 मध्ये पाणी कमानींच्या माथ्याजवळ पोचलं होतं. अशा दिवशी दूरच्या काठावरून बघा, झरोके कशासाठी ठेवलेत ते न सांगता कळेल.

रोममध्ये आणखी एक सकाळ मोकळी मिळाली तर ती आनिएने नदीवरच्या पोन्ते नोमेन्तानोला द्या. तोही तटबंदीबाहेरचा, तोही रोमन पायाचा, आणि त्याच्या डोक्यावर तर अख्खा मध्ययुगीन किल्लाच बांधलाय. तिथंही आधी बाजूनं बघा: गाळे, मग दगड, मग सांधे, आणि शेवटी वर चढून कोण येत होतं ते विचारा.